नथू ड्रायव्हरचा डावा हात

आपल्याला कसलीच सवय नाही, असं नथू महाजन वर्षानुवर्षं सांगत आला. तंबाखू नाही, विडी नाही, चहा मिळाला तर प्यायचा, नाही मिळाला तर त्याची आठवण काढायची नाही. डोकमर्डीच्या आमच्या इमारतीत हे त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस नव्हता. हे सारखं सांगत राहणं हीसुद्धा एक सवयच झाली, असं त्याला कुणी सुचवलं नाही. सरळ माणसाला उगाच कोड्यात टाकू नये.

नथू मूळचा शिरपूरकडचा. इकडे, एकेकाळच्या पोर्तुगीज मुलखात येऊन राखोलीतल्या एका धाग्याच्या कारखान्याची बस तो चालवायचा. डोकमर्डीहून निघायचं, वाटेत कामगार गोळा करायचे, सामरवरणीला शेवटचा मोठा थांबा घ्यायचा, की थेट राखोली. घरात बायकोशी तो अहिराणी बोलायचा, साहेबाशी गुजराती, रस्त्यावर आडव्या येणाऱ्यांशी हिंदी, आणि देवांशी नुसत्या हातानं. इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता. बसशिवायचा नथू कसा दिसेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

त्याचं दुसरं ठाम विधान मुलीबद्दल होतं. कावेरी त्याची एकुलती एक. त्याच कारखान्यात धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, पॅक करायची. तिथल्याच कल्पेश नावाच्या फिटरशी तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि सामरवरणीला राहायला गेली. त्या दिवशी नथूनं जाहीर केलं, की आजपासून मी तिचं तोंड पाहणार नाही. अडचण एवढीच, की जिचं तोंड पाहायचं नाही ती रोज सामरवरणीला त्याच्याच बसमध्ये चढायची. गाड्यांचं काम बघणाऱ्या ललितनं तेव्हा समजूतदारपणे त्याला नरोलीचा रूट देऊ केला होता. नथू म्हणाला, तिकडची हवा मला मानवत नाही. नरोली इथून इतकी जवळ आहे, की तेवढ्यात हवा बदलायची तर हवेलाच धावपळ करावी लागेल. पण हवेचा मामला प्रत्येकाचा खाजगी असतो, म्हणून ललित गप्प बसला.

तर कावेरी चढायची, नथू समोर रस्त्याकडे बघायचा, आणि बस राखोलीकडे जायची. त्याचा शब्द पाळला जात होता. आम्ही सगळे त्याला मनातून मानत होतो. थोडी नावंही ठेवत होतो, पण मानत होतो.

गेल्या वर्षी कारखान्यानं सगळ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पुढ्यात एकेक कॅमेरा बसवला. करवंदाएवढा काळा डोळा. तो रस्ता बघत नाही, आपल्यालाच बघतो, हे कळल्यावर ड्रायव्हर लोकांनी पहिल्या दिवशी भांग पाडले. ललितनं सगळ्यांना यार्डात उभं करून समजावलं.

"यात एआय आहे. आधी काही दिवस ते नुसतं बघणार. कोण कसा बसतो, कुठं बघतो, कधी जांभई देतो. प्रत्येकाची रीत शिकणार. मग रीतीत काही धोक्याचं दिसलं तर बोलणार."

"त्याला शिकवणार कोण?" नथूनं विचारलं.

"तुम्हीच, नथूभाई. तुम्ही जसे बसाल तसं ते शिकेल."

"म्हणजे मी मास्तर?"

"हो. आणि परीक्षाही तुमचीच."

नियम सोपा होता. धोक्याची गोष्ट झाली की लाल इशारा. महिना संपेपर्यंत ज्याचे लाल इशारे थांबणार नाहीत, तो गाडीवरून खाली. खाली म्हणजे यार्डात, पाइप घेऊन दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्या धुवायच्या. नथू निर्धास्त होता. ज्याला सवयच नाही त्याची रीत यंत्र शिकणार तरी कुठून?

यंत्रात एक हिंदी बाई होती. ती पहिल्यांदा बोलली ती डोकमर्डीच्या कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी. "कृपया दोनों हाथ स्टिअरिंग पर रखें."

नथू दचकला. मग अंबामातेपाशी बोलली. मग दर्ग्यापाशी. मग शहरातल्या चर्चपाशी; पोर्तुगीज गेले तरी त्यांची मेरीमाता मागं राहिली आहे, आणि यात तिचा काही दोष नाही असं नथूचं मत असल्यामुळे तिलाही तो रोज हात करायचा. बस खदखदून हसायला लागली.

"नथूभाऊ, घरी मंजुळावहिनी, गाडीत ही. दोन घरं कशी सांभाळता?"

"गप बसा रे!" नथू म्हणाला, आणि आपण वाटेत इतक्या ठिकाणी हात उचलतो हे त्याला पहिल्यांदा समजलं. नमस्कार करतो हे माहीत होतं. पण तो नमस्कार आपण करत नाही, हात परस्पर करून मोकळा होतो आणि आपल्या नावावर पुण्य जमा होतं, हे माहीत नव्हतं.

त्यानं युक्ती काढली. हात न उचलता नुसते डोळे मिटायचे. बाई म्हणाली, "आपको नींद आ रही है." मग त्यानं डोळे उघडे ठेवून मान लववायला सुरुवात केली. बाईनं त्याला गाडी बाजूला घेऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. त्या आठवड्यात देवाधर्मापायी त्याच्या नावावर जेवढे लाल इशारे लागले, तेवढे दारू पिऊन चालवणाऱ्याच्या नावावरही लागले नसते. शेवटी त्यानं डोकमर्डीलाच हँडब्रेक ओढून, गाडी सुरू करायच्या आधी सगळ्यांना मिळून एक ठोक नमस्कार करून टाकायला सुरुवात केली. कुठल्याच देवाची तक्रार आली नाही. बाई गप्प झाली.

सामरवरणी सोडून.

सामरवरणीचा थांबा मागं पडला, बसनं वेग घेतला, की बाई रोज बोलायची. "कृपया दोनों हाथ स्टिअरिंग पर रखें. कृपया सामने देखें." तिथं देऊळ नाही, दर्गा नाही, सिमेंटची दुकानं आणि नव्या इमारती आहेत. आपण हात उचलतच नाही, असं नथू शपथेवर सांगायचा. ड्रायव्हर लोकांची यार्डात चर्चा झाली. एक म्हणाला, तिथं वरून जाणाऱ्या विजेच्या तारांनी यंत्र बिघडत असेल. दुसरा म्हणाला, तिथं रस्ता रुंद करताना एखादा म्हसोबा गाडला गेला असणार, तो ओढतो. नथूला दोन्ही पटलं. आपल्या हातावर विश्वास ठेवण्यापेक्षा म्हसोबावर ठेवणं सोपं असतं.

महिना संपत आला तसं ललितनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"नथूभाई, बाकी सगळं साफ झालं. एवढं सामरवरणीचं राहिलं. हे थांबलं नाही तर मला तुम्हाला यार्डात घ्यावं लागेल. वरून सांगतात, माझ्या हातात नाही."

"तुमचं यंत्र खोटं बोलतं, साहेब."

"बघता?"

ललितनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. सकाळचं ऊन काचेतून येतंय. नथू, खाकी शर्ट, दोन्ही हात चाकावर. थांबा मागं गेला असावा, कारण खांदे गिअर टाकल्यासारखे हलतात. मग डावा हात उठतो. घाई नाही, झाडावरचं फूल काढावं तसा उठतो. वरच्या आरशाची खालची कड धरतो आणि किंचित खाली ओढतो. डोळे वर जातात. तिथं थोडे टेकतात. मग हात आरसा होता तसा करून ठेवतो, चोरानं जाताना कुलूप परत लावावं तसा, आणि चाकावर येऊन बसतो.

"हा कालचा," ललित म्हणाला. "हा परवाचा. हा त्याच्या आधीचा." सगळ्यांत तोच हात, तीच कड.

नथूनं स्वतःचा चेहरा आयुष्यभर दाढी करताना पाहिला होता. दाढी करताना माणूस गालाकडे बघतो, माणसाकडे नाही. त्या स्क्रीनवर आरशाकडे बघणारा जो कुणी होता, त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी कसलाच राग नव्हता. कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या. ओठ थोडे उघडे होते. नवस फेडायला आलेल्या माणसाचा गाभाऱ्यापाशी होतो तसा तो चेहरा होता.

"हात माझा आहे," नथू म्हणाला. "पण हा मी नाही हो, साहेब."

"अजून एक आहे." ललितचा आवाज जरा खाली आला. "यंत्र सांगतं, काही दिवशी तुम्ही आरशात जास्त वेळ बघता. आणि त्या दिवशी पुढं राखोलीपर्यंत ब्रेक जोरात मारता. प्रत्येक वेळी. त्या दिवसांत वेगळं काय असतं ते त्याला माहीत नाही. तुम्ही आरशात काय बघता तेही त्याला दिसत नाही. त्याला फक्त तुम्ही दिसता."

ते दिवस कुठले, हे नथूला विचार न करता कळलं. कावेरीला ताप आला होता ते. ती कल्पेशच्या बहिणीच्या लग्नाला गेली होती ते. तिची आठवड्याची सुट्टी. म्हणजे रिकाम्या सीटकडे तो जास्त वेळ बघत होता, आणि मग राग येऊन ब्रेकवर पाय आपटत होता. आणि आपण मुलीचं तोंड पाहत नाही हे संध्याकाळी आम्हाला ओट्यावर बसून पुन्हा सांगत होता. खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं तो खरंच सांगत होता.

दान करताना या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात. इथं एका हाताचं अख्ख्या माणसाला कळलं नव्हतं. ज्योतिषी पैसे घेऊन हातावरच्या रेषा बघतात आणि तरी चुकतात. या करवंदाएवढ्या डोळ्यानं रेषा बघितल्याच नाहीत, नुसता हात कुठं जातो ते बघितलं, आणि नथूच्या पोटातलं काढून टेबलावर ठेवलं. त्याला मुलगी म्हणजे काय माहीत नाही, जात माहीत नाही, अबोला माहीत नाही. कदाचित म्हणूनच त्याला दिसलं. आम्हाला या सगळ्या गोष्टी माहीत होत्या, आणि आम्ही ओट्यावर माना डोलवत बसलो होतो. ही हकिगत नथूनं पुढं मला सांगितली तेव्हा थट्टा करायचं मनात होतं, पण अंगावर काटा आला आणि थट्टा राहून गेली.

घरी मंजुळाबाई चुलीच्या सवयीनं जमिनीवर ठेवलेल्या गॅसवर भाकरी भाजत होती. नथूनं तिला सगळं सांगितलं, म्हणजे यंत्र बिघडलंय असं सांगितलं, आणि मग हळूहळू बाकीचं.

"एवढं मोठं यंत्र बसवलं त्यांनी," ती म्हणाली. "माले इचारलं असतं तर बरं नव्हतं?"

"तुले काय माहीत?"

"तुमी रोज घरी येऊन काय सांगता? आज सामरवरणीला समदे चढले. आज सामरवरणीला एक कमी होतं. कधी राखोलीचं सांगितलं? कधी डोकमर्डीचं?" तिनं भाकरी उलटली. "समदे चढले म्हणालात की मी समजते, पोर बरी शे. त्याच्यावरच तर दिवस काढते मी."

बातमी आपण देत होतो, आपणच तिचे टपालवाले होतो, हेही नथूला आजच कळत होतं. एका दिवसात माणसाला स्वतःबद्दल इतकं कळू नये. पचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आरसा तारेनं आवळून बांधला. हलणारच नाही असा. सामरवरणीला कावेरी चढली, नथू मान ताठ करून समोर बघत राहिला. बस सुटली. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा डावा हात उठला, आरशापर्यंत गेला, तारेला लागला, आणि तिथं चाचपडत राहिला. "कृपया दोनों हाथ स्टिअरिंग पर रखें," बाई म्हणाली. या वेळी बसमध्ये कुणी हसलं नाही. नथू स्वतःचा हात असा चाललेला बघत राहिला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे त्याला ठाऊक होतं. खोड जिवंत असते आणि तिला आपली वाट ठाऊक असते, हे नव्हतं.

आता सरळ हिशेब होता. बघत राहिला तर गाडी जाणार, आणि गाडी गेली की बघणंही जाणार. बघायचं थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. हातात काय आहे ते त्यानं पाहिलंच होतं.

महिन्याचा शेवटचा आठवडा सुरू झाला, त्या सकाळी सामरवरणीला सगळे चढले. नथूनं गाडी सोडली नाही. त्यानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आणि सीटवर बसल्या बसल्या पूर्ण मागं वळला. बसमधली सगळी तोंडं त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी कावेरी होती. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांना आरशाशिवाय पहिल्यांदाच बघितलं.

"ओ नथूभाऊ, शिफ्ट लागेल! काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"डिझेल संपलं काय?"

"पुढे बठ," नथू म्हणाला. कुणाला ते कुणाला कळलं नाही. सगळ्यात पुढच्या सीटवर रघुनाथ वॉचमन बसले होते. ती सीट त्यांची, कारखाना सुरू झाल्यापासूनची. ते म्हणाले, "मी पुढंच बसलोय की."

"तुम्ही नाही, काका. ती."

कावेरी हलली नाही. शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी इथंच बरी आहे, आबा."

"मागं गाडी उडते. पुढे बठ."

"तिसऱ्या रांगेत उडत नाही. आणि उडते तेव्हा तुम्हीच उडवता. मी रजेवर असले की बाया मला फोन करतात, तुझ्या बापानं आज आमची हाडं मोडली म्हणून." बसमध्ये खसखस पिकली. मग ती थांबली, आणि पुढचं जरा हळू बोलली, पण बंद इंजिनात सगळ्यांना ऐकू गेलं. "आबा, आरसा खाली करता ना, तेव्हा मला तुमचे डोळे दिसतात. त्याच सीटवरून दिसतात. म्हणून मी इथं बसते. पहिल्या दिवसापासून."

रस्त्यावरून ट्रक जात होते. नथूला वाटत होतं तो आरशात बघतोय हे फक्त यंत्राला कळलं. आरशाचा साधा धर्म तो विसरला होता: आरशात जो आपल्याला दिसतो, त्याला आपणही दिसतो.

"त्यापायी मला गाडीवरून उतरवतील," तो म्हणाला. "मी थांबवून पाहिलं. माले जमत नही."

आता कावेरी उठली. रघुनाथकाकांनी आपली पिशवी, आपला डबा आणि आपला अपमान अशी तिन्ही गोळा केली. "घ्या. यंत्र आलं आणि माझी सीट गेली. एआयनं नोकऱ्या जातात म्हणतात ते हेच काय!" असं म्हणत ते मागं गेले. कावेरी पुढं येऊन बसली. ती आता ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, जवळच होती. तिला बघायला आरसा लागत नव्हता, आणि ती तिथं आहे हे कळायला बघावंही लागत नव्हतं.

बस सुटली. बसमधले सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. डावा हात गिअरवरून चाकावर आला आणि तिथं राहिला. बाई काही बोलली नाही. राखोलीपर्यंत बाप-लेकही बोलले नाहीत. उतरताना ती म्हणाली, "आईचे गुडघे कसे आहेत?" नथू म्हणाला, "तूच येऊन विचार." मागचे खोळंबले होते म्हणून ती उतरून गेली, पण दारातून एकदा हसली.

महिना संपल्यावर ललितनं त्याला पुन्हा बोलावलं. नथू दारातच उभा राहिला, चप्पल काढायची की नाही हे न ठरवता.

"या आठवड्यात लाल एकही नाही," ललित म्हणाला. "गाडी तुमचीच. पण हे बघा, पिवळा आलाय. नवीनच आहे. गाडी चालवताना बोलता तुम्ही."

"मी? मी नाही बोलत. ती बोलते, मी ऐकतो. तिच्या सासूचं सांगत असते."

"यंत्र ओठ बघतं, नथूभाई. तुमचे हलतात. सामरवरणी ते राखोली, सगळी वाट." त्यानं स्क्रीन बाजूला सारला. "जाऊ द्या, पिवळ्यानं कुणी यार्डात जात नाही. थोडं सांभाळून, एवढंच."

नथू वळला नाही. महिनाभर ज्याला खोटारडं म्हटलं त्या यंत्राकडे बघत तो आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"दाखवा बरं."

ललितनं लावलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर, आणि एक म्हातारा होत चाललेला माणूस चौकटीबाहेरच्या कुणाशी तरी बोलतोय, भुवया उडवतोय, मधेच हसतोय. हसताना त्याचे सगळे दात दिसत होते, पडलेल्या दाढेच्या रिकाम्या जागेसकट. नथू पुढं झुकला, आणखी पुढं, नाक स्क्रीनला लागेल इतका.

"असा हसतो मी?" त्यानं विचारलं.

बाहेर दुसऱ्या पाळीचे लोक त्याच्या बसचा हॉर्न वाजवायला लागले होते.

"हसतो, असंच," ललित म्हणाला.

"पुन्हा लावा," नथू म्हणाला.